परदेशात जन्मलेल्या भारतीय पालकांच्या मुलांचे नागरिकत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, शिक्षण किंवा व्यवसायासाठी परदेशात गेलेल्या, पण अजूनही भारतीय पासपोर्टवरच राहणाऱ्या कुटुंबात मूल जन्माला येते तेव्हा एकाच वेळी दोन कायदे त्या बाळाला लागू होतात. एक जन्म झालेल्या देशाचा आणि दुसरा भारताचा. हे दोन्ही कायदे एकमेकांचा विचार करून लिहिलेले नाहीत. त्यामुळे काही मुलांपुढे दोन वाटा खुल्या होतात, तर काही मुले पालकांच्या नकळत दोन्हींच्या बाहेर राहतात. पुढील उत्तरे प्रामुख्याने भारताचा नागरिकत्व अधिनियम, १९५५ आणि त्यातील दुरुस्त्या यांना धरून दिलेली आहेत. जिथे गरज आहे तिथे इतर देशांच्या कायद्यांचाही उल्लेख केला आहे.

आम्ही दोघेही भारतीय नागरिक आहोत. मग परदेशात जन्मलेले आमचे मूल आपोआप भारतीय ठरत नाही का?

नाही. सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे.

परदेशात जन्मलेल्या मुलाला पालकांकडून मिळणारे नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ४ मध्ये येते, आणि या कलमाचे नियम जन्मतारखेनुसार बदलतात. २६ जानेवारी १९५० ते ९ डिसेंबर १९९२ या काळात जन्मलेल्या मुलासाठी जन्माच्या वेळी वडील भारतीय नागरिक असणे आवश्यक होते. आईच्या नागरिकत्वाला या बाबतीत काहीही किंमत नव्हती. म्हणजे १९९० साली लंडनमध्ये भारतीय आई आणि ब्रिटिश वडील यांना झालेले मूल या कलमाखाली भारतीय ठरत नाही. हा अन्याय १९९२ च्या दुरुस्तीने दूर झाला आणि १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक भारतीय असले तरी पुरेसे ठरू लागले.

त्यानंतरचा बदल मात्र कडक आहे. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेले मूल, त्याच्या जन्माची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात झाल्याशिवाय, वंशाच्या आधारे भारताचे नागरिक होत नाही. ही नोंदणी जन्मापासून एक वर्षाच्या आत करायची असते. इथे नोंदणी हा आधीच मिळालेल्या नागरिकत्वाचा निव्वळ पुरावा नाही; ती नागरिकत्वाची अटच आहे. पालकांकडे भारतीय पासपोर्ट आहेत, घरात मराठी बोलली जाते, बारसे पुण्यात झाले, या सगळ्या गोष्टी खऱ्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने नोंदणीची जागा त्यांतील एकही घेऊ शकत नाही.

दूतावासातील नोंदणीसाठी काय करावे लागते?

नागरिकत्व नियम, २००९ मध्ये यासाठी ठरावीक अर्ज दिलेला आहे. तो गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वविषयक संकेतस्थळावर भरून, त्याची छापील प्रत पालकांच्या सह्यांनिशी आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात द्यावी लागते. सोबत मुलाचा स्थानिक जन्मदाखला, आई-वडिलांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि त्या देशातील वास्तव्याचा पुरावा ही कागदपत्रे साधारणपणे मागितली जातात. प्रत्येक दूतावासाची यादी थोडी वेगळी असते, म्हणून ती आधी पाहून घ्यावी.

या सर्व कागदांत एक घोषणापत्र निर्णायक असते. मुलाकडे अन्य कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांनी लेखी सांगितल्याखेरीज नोंदणी करता येत नाही, असे कलम ४ मध्येच म्हटले आहे. अमेरिका किंवा कॅनडासारख्या देशांत जन्मलेल्या बाळासाठी बहुतेक कुटुंबे पहिल्या काही आठवड्यांतच तिथला पासपोर्ट काढतात, आजी-आजोबांना भेटायला भारतात यायचे असते म्हणून. त्या क्षणी भारतीय नोंदणीचे दार बंद होते, आणि अनेकांना हे पुढे कधीतरी कळते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे आहे की मुलासाठी कोणते नागरिकत्व ठेवायचे याचा विचार पहिल्या पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वी करावा, शक्य असल्यास बाळंतपणापूर्वीच करावा.

नावाबाबत काही काळजी घ्यावी का?

होय. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली पद्धत सर्व देशांतील जन्मदाखल्यांच्या रकान्यांत नीट बसत नाही. रुग्णालयात फॉर्म भरतानाच आई-वडिलांची नावे त्यांच्या पासपोर्टवर जशी आहेत तशीच, त्याच अक्षरांत लिहावीत. एका अक्षराचा फरक असला तरी पुढे प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

एक वर्ष उलटून गेले आहे. आता काय?

मार्ग आहे. एक वर्षानंतर केंद्र सरकारच्या परवानगीने नोंदणी होऊ शकते, अशी तरतूद त्याच कलमात आहे. अर्ज दूतावासातच करायचा, उशिराचे कारण स्पष्ट लिहायचे आणि ते प्रकरण गृह मंत्रालयाकडे जाते. मात्र पहिल्या वर्षातील नोंदणी आणि ही नोंदणी यांत मूलभूत फरक आहे: आधी जो अधिकार होता तो आता सरकारच्या मंजुरीवर अवलंबून राहतो. आजारपण, पालकांतील वाद, अनियमित व्हिसामुळे दूतावासात जाण्याची वाटलेली भीती अशी खरी कारणे असतील तर ती लपवू नयेत.

याशिवाय कलम ५ खाली भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो, आणि विशेष परिस्थितीत कोणत्याही अल्पवयीन मुलाची नोंदणी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. हे दोन्ही मार्ग वेळखाऊ आहेत, पण ते अस्तित्वात आहेत एवढे लक्षात ठेवावे.

आम्ही भारतात परत आलो आहोत. महानगरपालिकेत मुलाच्या जन्माची नोंद केली तर चालेल का?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० नुसार, परदेशात जन्मलेल्या मुलाचे पालक कायमचे राहण्यासाठी भारतात परतले आणि परदेशात नोंद झालेली नसेल, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांच्या आत स्थानिक निबंधकाकडे जन्माची नोंद करता येते. हा दाखला शाळाप्रवेशासाठी उपयोगी पडतो. परंतु तो जन्माचा दाखला आहे, नागरिकत्वाचा नव्हे. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ४ मधील नोंदणी त्याने पूर्ण होत नाही, आणि पुढे पासपोर्ट काढताना ही उणीव समोर येते.

ज्या देशात मूल जन्मले त्या देशाचे नागरिकत्व त्याला मिळते का?

हे पूर्णपणे त्या देशावर अवलंबून आहे, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अनेक देशांनी आपले नियम आवळले आहेत. जन्मभूमीवरून सरसकट नागरिकत्व देणाऱ्या देशांत कॅनडाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांचा अपवाद सोडला तर तिथे जन्मलेले मूल कॅनडाचे नागरिक असते.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसता जन्म पुरत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात किंवा त्यांना तिथे कायम वास्तव्याचा हक्क असावा लागतो. मुलाच्या जन्मानंतर पालकांना तो हक्क मिळाला तर मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करता येते, आणि ब्रिटनमध्ये जन्मून वयाची पहिली दहा वर्षे तिथेच राहिलेल्या मुलालाही असा अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून पालकांपैकी एक तरी नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. तिथेही दहाव्या वाढदिवसापर्यंत सामान्यतः वास्तव्य असलेल्या मुलाला नागरिकत्व मिळते. न्यूझीलंडने असाच नियम १ जानेवारी २००६ पासून आणला. आयर्लंडमध्ये २००४ च्या सार्वमतानंतर, १ जानेवारी २००५ पासून, परदेशी पालकांपैकी एकाचे जन्मापूर्वीच्या चार वर्षांत तीन वर्षे ग्राह्य वास्तव्य असावे लागते, आणि विद्यार्थी व्हिसावरील काळ त्यात धरला जात नाही. शिक्षणासाठी जाऊन तिथेच नोकरीला लागलेल्या आपल्या तरुण जोडप्यांचा हिशोब नेमका इथे चुकतो.

जर्मनीचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. पूर्वी तिथे केवळ रक्ताचे नाते पाहिले जात असे. १ जानेवारी २००० पासून, कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या आणि आठ वर्षे कायदेशीरपणे राहिलेल्या परदेशी पालकांच्या मुलाला जन्मतः जर्मन नागरिकत्व मिळू लागले, आणि २७ जून २०२४ पासून ती मुदत पाच वर्षांवर आली.

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असताना मूल झाले तर ते अमेरिकन नागरिक आहे ना?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १८६८ मधील चौदाव्या दुरुस्तीनुसार अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेली व्यक्ती तिथली नागरिक असते. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी पालकांना झालेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली, परदेशी रहिवाशांच्या मुलांनाही ही तरतूद लागू असल्याचा निर्णय दिला. त्याच आधारावर एच-वन-बी, विद्यार्थी किंवा अन्य व्हिसावरील भारतीयांच्या मुलांना जन्मतः अमेरिकन नागरिकत्व मिळत आले आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक कार्यकारी आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अशा मुलाला जन्मतः नागरिकत्व मानू नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे आई-वडील दोघेही कामाच्या व्हिसावर असलेली असंख्य भारतीय कुटुंबे त्याच्या कक्षेत येत होती. न्यायालयांनी त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वैधतेचा प्रश्न सुनावणीसाठी स्वीकारला. ज्या कुटुंबांत बाळ यायचे आहे त्यांनी जन्माच्या वेळी लागू असलेली स्थिती अमेरिकन वकिलाकडून जाणून घ्यावी, आणि भारतीय नोंदणीचा पर्याय त्या एका वर्षात हातचा जाऊ देऊ नये.

दुबई, मस्कत किंवा दोहा येथे जन्मलेल्या मुलाचे काय?

आखाती देशांत जन्मभूमीवरून नागरिकत्व मिळत नाही. पालकांनी तिथे तीस वर्षे काढली तरी मुलाच्या नागरिकत्वाचा प्रश्न भारतीय कायद्यानेच सुटतो. त्यामुळे इथे निवड करायची नसते. नोंदणी आणि लगोलग भारतीय पासपोर्ट हाच मार्ग असतो. पासपोर्टशिवाय बाळाला निवासाचा परवाना मिळत नाही आणि देशाबाहेरही नेता येत नाही, म्हणून बहुतेक कुटुंबांत हे काम वेळेवर होते. जिथे पालकांचा विवाह नोंदलेला नाही किंवा त्यांचा स्वतःचा निवासपरवाना संपलेला आहे, तिथे मात्र बाळाची कागदपत्रे अडकतात. अशा पालकांनी भीतीने घरी बसू नये. दूतावासाशी संपर्क साधण्यास जितका उशीर होईल तितकी गुंतागुंत वाढते, आणि त्याची किंमत मूल मोजते.

मूल कोणत्याच देशाचे नागरिक नाही, असे खरोखर होऊ शकते का?

होऊ शकते, आणि झालेले आहे. ज्या देशात जन्मावरून नागरिकत्व मिळत नाही तिथे जन्म झाला आणि भारतीय नोंदणी राहून गेली, तर ते मूल त्या घडीला दोन्हीकडे परकेच असते. २०१७ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे भारतीय पालकांच्या, ब्रिटनमध्ये जन्मलेल्या एका मुलाचे असेच प्रकरण आले. वर्षभरात दूतावासात नोंद झालेली नव्हती, आणि त्यानंतर नागरिकत्व मिळणे सरकारी परवानगीवर अवलंबून असल्यामुळे ते मूल राष्ट्रीयत्वहीन आहे, असे न्यायालयाने मानले. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यात तिथे जन्मून पाच वर्षे राहिलेल्या राष्ट्रीयत्वहीन मुलाला नोंदणीचा हक्क होता. पुढे ब्रिटिश संसदेने २०२२ च्या कायद्याने ही वाट अरुंद केली. पालकांच्या देशाचे नागरिकत्व वाजवी प्रयत्नांनी मिळण्यासारखे असेल तर आता हा हक्क सांगता येत नाही. काही पालक तिकडचे नागरिकत्व मिळावे म्हणून भारतीय नोंदणी मुद्दाम टाळत असत. तसे करणे आज निष्फळ तर आहेच, पण मुलासाठी धोक्याचेही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ७ नुसार प्रत्येक मुलाला जन्मल्याबरोबर नोंदणीचा आणि राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे, आणि भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. असे असताना पालकांच्या एका वर्षाच्या दिरंगाईचा परिणाम मुलाच्या नागरिकत्वावर होणे हे त्या हक्काच्या भावनेशी विसंगत आहे, असे आम्हांला मनापासून वाटते. तरतूद बदलेपर्यंत मात्र ती पाळणे पालकांच्याच हातात आहे.

मुलाला दोन्ही देशांची नागरिकत्वे ठेवता येतील का?

प्रौढ व्यक्तीला नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते. अल्पवयीन मुलाबाबत कायदा थोडा वेगळा आहे. कलम ४ मध्ये मनाई आहे ती दुसऱ्या देशाच्या पासपोर्टला; जन्मामुळे आपोआप मिळालेल्या नागरिकत्वाचा उल्लेख तिथे नाही. एवढेच नव्हे, तर भारतीय म्हणून नोंदलेले मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असू शकते हे गृहीत धरून त्याच कलमात सज्ञान झाल्यानंतरची मुदत घालून दिली आहे.

व्यवहारात मात्र अडचण येते. अमेरिकन कायद्यानुसार अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत ये-जा अमेरिकन पासपोर्टवरच करावी लागते. म्हणून अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या मुलाला केवळ भारतीय पासपोर्टवर वाढवणे अवघड जाते, आणि अशी बहुतेक कुटुंबे अमेरिकन पासपोर्ट व ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारताशी नाते असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) हा मार्ग निवडतात. लवकरच कायमचे भारतात परतायचे असेल तर भारतीय नोंदणीचा पर्याय अधिक सरळ आहे. अमेरिकन नागरिकत्वासोबत आयुष्यभर, जगात कुठेही राहिले तरी, उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास अमेरिकेत करविवरण भरण्याची जबाबदारी येते, हेही विचारात घ्यावे.

ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्वच ना?

नाही. ओसीआय कार्डधारक हा परदेशी नागरिकच असतो. त्याला भारतात आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, राहता येते, शिकता येते, बहुतेक खासगी नोकऱ्या करता येतात. मतदान, निवडणूक लढवणे, घटनात्मक पदे आणि सर्वसाधारण सरकारी नोकरी त्याला खुली नसते. पालकांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी परदेशी पासपोर्ट असलेल्या अल्पवयीन मुलाला हे कार्ड मिळू शकते. मात्र आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा-पणजी यांपैकी कोणी कधी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशाचे नागरिक असेल तर ते मिळत नाही.

पालक वारंवार विचारतात त्या दोन गोष्टी म्हणजे प्रवेश आणि जमीन. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईई यांसारख्या प्रवेशपरीक्षांत ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरले जाते. केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर त्यांना दावा करता येत नाही. ज्यांच्याकडे त्या तारखेपूर्वीपासून कार्ड होते त्यांना हे निर्बंध लागू होणार नाहीत, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. मुलाला डॉक्टर करायचे स्वप्न असलेल्या आणि काही वर्षांत परतण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी हा मुद्दा हलका समजू नये.

शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन ओसीआयधारकाला विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. त्यामुळे गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असेल तर नातवाचा परदेशी पासपोर्ट हा वारसा मिळण्याच्या आड येत नाही.

परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मुलासाठी भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला लागतो का?

ज्या मुलाची भारतीय म्हणून नोंद झाली नाही आणि ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट कधी नव्हता, ते ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेले असेल तर मुळात भारतीय नागरिक झालेलेच नसते. त्याला असा दाखला लागत नाही.

मुलाच्या जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर आम्ही दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तर?

जन्माच्या दिवशी पालकांपैकी निदान एक भारतीय नागरिक असला पाहिजे. प्रसूतीच्या आदल्या महिन्यात दोघांनीही परदेशी नागरिकत्वाची शपथ घेतली असेल, तर कलम ४ चा मार्ग उरत नाही. एकाने घेतली असेल आणि दुसरा भारतीय असेल तर तो खुला राहतो.

जन्मानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कलम ८ नुसार पालकाने औपचारिक घोषणा करून भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला तर त्याच्या अल्पवयीन मुलांचेही नागरिकत्व जाते. अशा मुलांना सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत घोषणा करून ते परत घेता येते. परंतु दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यामुळे कलम ९ खाली पालकांचे नागरिकत्व आपोआप संपले असेल, तर कलम ८ मधील हा परतीचा हक्क मुलांना सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. बहुतेक स्थलांतरित कुटुंबे दुसऱ्या प्रकारात मोडतात.

मूल अमेरिकन नागरिक असल्यामुळे आम्हांला ग्रीन कार्ड मिळेल का?

मूल २१ वर्षांचे होईपर्यंत ते पालकांसाठी अर्ज करू शकत नाही. उलट ज्या घरात धाकटे मूल न्यू जर्सीत आणि थोरले पुण्यात किंवा दुबईत जन्मलेले असते, तिथे थोरल्याचा प्रश्न अधिक बिकट असतो. पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेला त्याचा दर्जा २१ व्या वर्षी संपतो, आणि भारतीयांसाठीची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की अनेक मुले त्याआधी तिथवर पोहोचत नाहीत. त्या मुलाची सोय वेळीच पाहावी.

आमचे मूळ गोव्याचे आहे आणि पालकांपैकी एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मुलाला काय लागू होईल?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व मिळवता येते, आणि अनेक गोवेकर कुटुंबे त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला पालक भारतीय नागरिक राहत नाही. जन्माच्या दिवशी दुसरा पालक भारतीय असेल तर मुलाची दूतावासात नोंदणी होऊ शकते. दोघेही पोर्तुगीज असतील तर नाही. तेव्हा उरतो तो ओसीआयचा मार्ग, आणि त्यासाठी पालकांनी आपले जुने भारतीय पासपोर्ट नियमानुसार परत करून त्याचा कागद जपून ठेवलेला असावा.

मूल अठरा वर्षांचे झाल्यावर काय करावे लागते?

भारतीय म्हणून नोंदलेले मूल जन्मामुळे दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने त्या दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाचा त्याग करावा लागतो. तसे न केल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नसते. ही मुदत बारावीची परीक्षा आणि प्रवेशाच्या धावपळीत सहज विसरली जाते, म्हणून सतराव्या वाढदिवसालाच मुलाशी बसून बोलावे. हा निर्णय आता त्याचा आहे.

ओसीआय कार्डधारक असलेल्या मुलाला पुढे भारतीय व्हायचे असेल, तर सज्ञान झाल्यावर, कार्डधारक म्हणून पाच वर्षे पूर्ण झालेली असताना आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात सामान्यतः वास्तव्य असताना, कलम ५ खाली नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. नागरिकत्व मिळताना आधीच्या देशाचे नागरिकत्व मात्र सोडावे लागते.